हातात पदवी, आडवं आडनाव

ऑक्टोबर २००५ पासून पुढचे सहासष्ट आठवडे देशातल्या खासगी कंपन्यांकडे काही अर्ज येत राहिले. इंग्रजी वर्तमानपत्रात पदवीधरांसाठी नोकरीची जाहिरात दिसली, की तिला किमान तीन अर्ज जायचे. तिघेही तरुण पुरुष, तिघांकडे नावाजलेल्या विद्यापीठाची पदवी, तिघांचा अनुभव सारखा. जात कुठे लिहिलेली नाही, धर्मही नाही. फरक फक्त नावात. एकाचं आडनाव वाचताच उच्चजातीय हिंदू आहे हे कळावं असं, दुसऱ्याचं दलित, तिसऱ्याचं नाव मुसलमान. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. आणि मोजायचं एवढंच, की मुलाखतीचं किंवा लेखी परीक्षेचं बोलावणं कुणाला येतं.

उच्चजातीय आडनावाला बोलावणं येण्याची जी शक्यता, तिच्या ०.६७ पट दलित आडनावाला. मुसलमान नावाला ०.३३ पट.

डॉ. सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांचा हा अभ्यास. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तो २००७ साली छापून आला. त्यानंतरही आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, गावच्या पारावर एक वाक्य ठासून बोललं जातंच: ‘आता कुठे राहिलीय जात? असली तर ती फक्त सवलतीत राहिलीय.’ हे बोलणाऱ्या प्रत्येकासमोर मला हे दोन आकडे ठेवायचे आहेत. ०.६७ आणि ०.३३. इथे सवलत नव्हती, राखीव जागा नव्हती, कटऑफचा वाद नव्हता. खासगी नोकरी होती, सारखी पदवी होती आणि एक आडनाव होतं.

हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पद्धतीमुळे. थोरातांनी कुठल्याही अधिकाऱ्याला ‘तुम्ही जात पाळता का?’ असं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि बहुधा मनापासून म्हणाला असता. त्यांनी त्याच्या टेबलावर कागद ठेवला आणि त्याचा हात कुठे जातो ते पाहिलं. अर्जदार समोर आलेला नव्हता. त्याचा रंग कुणी पाहिला नव्हता, उच्चार ऐकले नव्हते, बूट पाहिले नव्हते. ‘कॉन्फिडन्स कमी पडतो’, ‘कम्युनिकेशन नाही हो’, ‘आमच्या कल्चरमध्ये बसला नसता’ ही सगळी कारणं मुलाखतीनंतर सांगता येतात. या मुलांना मुलाखतच मिळाली नाही.

आता हे थोरात कोण, ते सांगायला हवं, कारण त्यांची सगळी कारकीर्दच या एका वाटेवर उभी आहे: कॉलेजच्या दारापासून नोकरीच्या दारापर्यंत. जन्म १९४९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातला. पदवी तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मिलिंद महाविद्यालयाची. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि सोसायटीने १९५० मध्ये हे कॉलेज सुरू केलं. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, शिक्षणाच्या नावाने कोरड्या असलेल्या मराठवाड्यात. नागसेनवनातल्या वसतिगृहांत विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यांतली मुलं येऊन राहिली, शिकली, लिहायला लागली. त्यांच्यापैकी एक पुढे अर्थशास्त्रात एम.ए. झाला, औरंगाबादेतच काही वर्षं प्राध्यापकी केली, जेएनयूत गेला आणि देशाच्या विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष झाला. अध्यक्षपद २००६ ते २०११. नंतर भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचंही अध्यक्षपद. अलीकडे कर्नाटक सरकारने आपल्या राज्याच्या शिक्षण धोरणासाठी आयोग नेमला तो त्यांच्याच अध्यक्षतेखाली, आणि त्याचा अहवाल २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारच्या हाती पडला.

औरंगाबादची ती सत्तरची वर्षं साधी नव्हती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. एका विद्यापीठाच्या कमानीवर कुणाचं नाव असावं यासाठी ज्या प्रदेशाने साडेपंधरा वर्षं घेतली, त्या प्रदेशात शिकलेला अर्थतज्ज्ञ नोकरीच्या अर्जावरचं नाव मोजायला निघाला, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य याचं वाटतं की त्याच्याआधी अर्थशास्त्रातल्या इतक्या विद्वानांना ते मोजावंसं वाटलं नाही.

कॉलेजात शिरण्याची अडचण सुटली तरी नोकरीच्या उंबरठ्यावर काय होतं, याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्या घरातलं आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडन. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियाची एम.ए. झालेली होती. आणि बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. मुंबईला परतून त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तर सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथल्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली.

शिक्षणात काय कमी होतं? पदवीत? इंग्रजीत? ‘शिका म्हणजे सगळं सुरळीत होईल’ असं दलित मुलांना सांगणाऱ्या प्रत्येक सज्जनाने बडोद्याचे ते अकरा दिवस आधी वाचावेत. शिकायला हवंच, त्याबद्दल बाबासाहेबांइतकं ठामपणे कुणीच बोललेलं नाही. पण शिकलेल्या माणसाला घ्यायचं की नाही हे ज्याच्या हातात आहे, त्याला कोण शिकवणार?

थोरातांनी हा प्रश्न दोन्ही टोकांनी धरला. आधी कॉलेजचं टोक. २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांत ओबीसी आरक्षणाचा कायदा येत होता आणि त्याविरोधातल्या आंदोलनाचं एक केंद्र दिल्लीचं ‘एम्स’ होतं. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी छळाच्या तक्रारी केल्या. सरकारने थोरातांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती नेमली. २००७ च्या मे महिन्यात अहवाल आला. वसतिगृहात दलित-आदिवासी मुलांना वेगळ्या मजल्यांवर एकत्र ढकललं जातं, मेसमध्ये आणि खेळाच्या मैदानावर बाजूला टाकलं जातं, प्रात्यक्षिकं आणि तोंडी परीक्षेत भेदभाव होतो, शिक्षक वेळ देत नाहीत, हे सगळं विद्यार्थ्यांच्याच तोंडून त्यात नोंदलं गेलं. देशातलं सर्वांत मानाचं वैद्यकीय कॉलेज! संस्थेने अहवाल फेटाळला. पुढे २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांतल्या समतेसाठी नियम काढले. नियम होते, तरी २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाने आणि २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवीने जीव दिला. पायल जळगाव जिल्ह्याची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी. तिने प्रवेश मिळवला होता. मधली सगळी दारं तिने ओलांडली होती.

अनुदान आयोगावर असताना थोरातांनी आणखी एक काम केलं ज्याची चर्चा होत नाही. उच्च शिक्षणातल्या पटाची राष्ट्रीय सरासरी घेऊन तिच्याखाली कोणते जिल्हे आहेत ते शोधलं गेलं. ३७४ निघाले. देशातले निम्म्याहून जास्त जिल्हे. तिथे नवी आदर्श महाविद्यालयं काढायची योजना अकराव्या पंचवार्षिक योजनेत आली. योजनेचं पुढे काय झालं यावर वाद घालता येईल. पण उच्च शिक्षणाबद्दल बोलताना पुणे-मुंबई-दिल्ली सोडून जिल्हा हे एकक धरणं, हीच मुळात कामाची गोष्ट होती. गडचिरोलीच्या मुलीला पुण्यात कुठल्या शाखेला किती कटऑफ लागला याने काही होत नाही. तिला गावापासून कॉलेज किती लांब आणि एसटी किती वाजता, यानेच सगळं ठरतं.

आणि आकडे हलतात, हेही सांगितलं पाहिजे. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशाचं स्थूल पटनोंदणी प्रमाण २८.४ होतं; अनुसूचित जातींचं २५.९, जमातींचं २१.२. अंतर आहे, पण अनुसूचित जातींपुरतं ते आता अडीच अंकांवर आलंय. हे आपोआप झालेलं नाही. १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आरक्षण, समाजकल्याणची वसतिगृहं, आणि ज्यांच्या आयांनी दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली त्या मुलामुलींची जिद्द, यांनी ते झालंय.

पण पदवी मिळाल्यावर? तिथून पुढे आपण मोजणंच बंद करतो.

एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजचं माहितीपत्रक उघडा. पहिल्या पानावर ‘हायेस्ट पॅकेज’. कंपन्यांचे लोगो. हसऱ्या मुलामुलींचे फोटो. राखीव जागांवर आलेल्यांपैकी किती जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली आणि खुल्या जागांवरच्यांपैकी किती जणांना, हा रकाना शोधा. मला अजून दिसलेला नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीतही हेच. २०१६ पासून ती निघते. सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थी किती आहेत हे कॉलेजला भरून द्यावं लागतं. किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली आणि मध्यम पगार किती, हेही द्यावं लागतं. हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवायला मात्र कुणी सांगत नाही. दोन्ही माहिती त्याच कॉलेजच्या त्याच संगणकात आहे. एका दुपारचं काम आहे.

कॅम्पसवरचे निकष तरी बघा. दहावी, बारावी, पदवी, सलग साठ टक्के. एकही बॅकलॉग नको. शिक्षणात गॅप नको. कागदावर हे सगळ्यांना सारखं. आता ज्या मुलाची शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अडकली, फी भरली नाही म्हणून कॉलेजने परीक्षेचा अर्ज लटकवला, घरी वडील आजारी पडले म्हणून एक वर्ष मुकादमाच्या हाताखाली काढलं, त्याच्या आयुष्यात गॅप कुठून आला? जात पडताळणीची व्हॅलिडिटी वेळेत निघाली नाही म्हणून प्रवेश हुकला, तो गॅप कुणाचा? अनुसूचित जातीच्या मुलाला महाराष्ट्रात जात सिद्ध करायची तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, जमातीच्या मुलाला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, काहीतरी. ज्यांच्या आजोबांना शाळेतच घेतलं नाही, त्यांनी शाळेचा दाखला आणायचा. आणि एवढं सगळं करून चौथ्या वर्षाला पोहोचल्यावर कंपनीचा माणूस विचारतो, ‘हा गॅप का?’

याच ठिकाणी पॉल अटवेल यांचं दुसरं काम आठवतं, कारण ते या ‘गॅप’च्या निकषाला सरळ उत्तर आहे. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातल्या शाळेतून पास झालेल्या कुणालाही प्रवेश द्यायचं ठरवलं. दर्जा गेला, अशी तिथेही ओरड झाली. अटवेल आणि डेव्हिड लॅव्हिन यांनी त्या काळी आत आलेल्या स्त्रियांना सुमारे तीस वर्षांनी गाठलं. ‘पासिंग द टॉर्च’ हे त्यांचं पुस्तक २००७ चंच. त्यातून काय निघालं? बहुसंख्य जणींनी पदवी पुरी केली, पण वेळेत नाही. मध्ये मुलं झाली, नोकऱ्या केल्या, पुन्हा वर्गात आल्या. पाच-सहा वर्षांत हिशेब केला असता तर त्या नापासांच्या यादीत गेल्या असत्या. तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा कळलं, की त्यांची कमाई वाढली आणि त्यांची मुलं शाळेत पुढे गेली. आपल्या कॅम्पसवरचा तो ‘गॅप नको’चा नियम नेमक्या अशाच बायकांना दारात अडवतो.

बरं, सगळीकडे भेदभाव सारखाच होतो का? नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी दिल्ली परिसरात असाच प्रयोग केला. ३७१ जागांसाठी ३,१६० बनावट अर्ज. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना जातीचा फरक सापडला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत सापडला, ओबीसींच्या बाबतीत ठळकपणे, अनुसूचित जातींच्या बाबतीत काहीसा कमी. थोरातांच्या निष्कर्षाला हे खोडून काढतं असं काही जण म्हणतात. मला उलट वाटतं. काम येतं की नाही हे ठरवायला जिथे बाहेरची काही मोजपट्टी आहे, तिथे आडनावाचं वजन घटतं. जिथे ‘बोलणं-वागणं’, ‘घरचं वळण’, ‘सॉफ्ट स्किल’ असली माणसागणिक बदलणारी मोजपट्टी आहे, तिथे ते वाढतं. आपल्या मुलांना हे आधीपासून ठाऊक आहे. टेक्निकल राउंड निघतो आणि एचआर राउंडला नाव जातं, असं सांगणारी मुलं प्रत्येक वसतिगृहात भेटतील.

एचआर राउंडमध्ये होतं काय, याचाही अभ्यास थोरातांच्या संशोधनाच्याच मालिकेत झालाय. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी पंचवीस मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना भेटून विचारलं, तुम्ही निवड कशी करता? सगळे गुणवत्तेवर बोलले. आणि त्याच श्वासात म्हणाले, उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी आम्ही विचारतोच. वडील काय करतात, घरी किती जण शिकलेले, बहीण-भाऊ काय करतात. चांगल्या घरातला माणूस चांगलं काम करतो, अशी त्यांची साधी, निःशंक समजूत. वडिलांची नोकरी ही मुलाची गुणवत्ता कशी काय होते, हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतले विद्यार्थी घेतले. पदव्या सारख्याच, पण दलित विद्यार्थ्यांना पगाराची अपेक्षाच कमी होती, आणि घरच्या प्रश्नाला ते मुलाखतीआधीच घाबरून होते. बिगरदलित विद्यार्थ्यांना त्या प्रश्नात काही खटकलंही नाही. २०१० साली थोरात आणि न्यूमन यांनी हे सगळं एकत्र करून ‘ब्लॉक्ड बाय कास्ट’ हे पुस्तक काढलं.

आपल्या मराठी मुलुखात तर घरच्यांबद्दलचा हा प्रश्न विचारायचीही गरज पडत नाही. आपल्याकडे आडनाव जवळजवळ प्रत्येकाला आहे आणि त्यावरून जात लावण्याचं शिक्षण आपल्याला शाळेच्या आधी मिळतं. आडनावावरून नाही कळलं तर ‘मूळचे कुठले?’ तेही पुरलं नाही तर ‘त्या गावातले पाटील का?’ ही चौकशी भाडेकरू ठेवताना होते, डबा लावताना होते आणि कंपनीच्या केबिनमध्येही होते. थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दिल्ली परिसरात घरभाड्याचाही अभ्यास प्रसिद्ध केला. दलितांना आणि त्याहून जास्त मुसलमानांना घर नाकारलं जातं असं त्यात दिसलं. नोकरी मिळालेल्या मुलाला शहरात खोली मिळाली नाही तर ती नोकरी टिकायची कशी? बडोद्याला नेमकं हेच घडलं होतं.

सरकारी नोकरीत तरी निदान राखीव जागा आहेत, म्हणून आपली मुलं एमपीएससीच्या अभ्यासिकेत तिशी ओलांडेपर्यंत बसतात. त्यांना वेडं ठरवणं सोपं आहे. खासगी दार आपल्यासाठी कितपत उघडं आहे याचा त्यांनी लावलेला तो अंदाज आहे, आणि तो बराचसा बरोबर आहे. मग सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शासकीय पदं नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी पद्धतीने भरायचा निर्णय काढला. मुलं रस्त्यावर आली. ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्या आंदोलनाकडे ‘सरकारी नोकरीचा हट्ट’ म्हणून पाहणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की कंत्राटदाराच्या टेबलावर आलेल्या अर्जांतला पहिला कुठला उचलला जाईल असं तुम्हाला वाटतं?

उद्योगांची बाजू मला माहीत आहे. आरक्षण लादू नका, आम्ही स्वतःहून करू, असं उद्योगसंघटना २००६ पासून म्हणत आल्या आहेत. प्रशिक्षण, शिष्यवृत्त्या, ऐच्छिक आचारसंहिता हेही झालं. चांगलंच आहे. पण त्यातला बहुतेक भर उमेदवाराला सुधारण्यावर राहिला. थोरातांच्या प्रयोगातला उमेदवार सुधारलेलाच होता. त्याची पदवी, अनुभव, अर्जाचं इंग्रजी, सगळं संशोधकांनीच नीट करून पाठवलं होतं. सुधारायचं होतं ते अर्ज वाचणाऱ्याला. पहिल्या चाळणीत नाव झाकून अर्ज वाचायला संगणकाचा एक आदेश पुरतो. निवड समितीला ‘वडील काय करतात’ हा प्रश्न विचारायला मनाई करणारं परिपत्रक अर्ध्या पानाचं होईल. कुठल्या वर्षी किती अर्ज आले, कुणाचे आले, कितींना बोलावलं, हे सामाजिक गटांनुसार छापायला वार्षिक अहवालाचं एक पान लागेल. ज्या कंपनीला आपल्या निवडीची खात्री आहे तिने हे पान टाळायचं काही कारण नाही.

थोरात-अटवेल यांच्या प्रयोगातही उणिवा आहेत आणि त्या आता भरायला हव्यात. अर्जदार सगळे पुरुष होते. आदिवासी नाव त्यात नव्हतं. जाहिराती इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या होत्या. आज अर्ज संकेतस्थळावर जातो आणि पुष्कळदा माणसाआधी संगणकच तो चाळतो. मराठी आडनावं घेऊन हाच प्रयोग महाराष्ट्रात व्हायला हवा. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडच्या विद्यापीठांत अर्थशास्त्राचे विभाग आहेत, संशोधक विद्यार्थी आहेत, मार्गदर्शक आहेत. चाकण, हिंजवडी, बुटीबोरी, शेंद्रा, शिरोली इथल्या कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या जाहिराती रोज निघतात. प्रत्येक जाहिरातीला सहा अर्ज पाठवा: सवर्ण, दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांतलं, ओबीसी, मुसलमान. निम्मे बायकांच्या नावाने. गुण सारखे, कॉलेज सारखं. सव्वा वर्ष थांबा आणि बोलावण्याचे फोन मोजा. कुठल्याही कंपनीचं नाव छापू नका. आकडे मात्र मराठीत छापा, पहिल्या पानावर.